खोक्यावरचा आकडा, डायलवरची अक्षरं

नागपूर जिल्ह्यात खापा नावाची एकाहून जास्त गावं आहेत. सावनेर तालुक्यातलं कन्हानकाठचं खापा जुनं. कोष्ट्यांचे हातमाग, नगरपालिका आणि आसपासच्या मँगनीज खाणी यांमुळे ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. दुसरं खापा लहान. ते पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, सिल्लारीच्या बाजूला आहे, आणि त्याचं नाव अलीकडे एका वेगळ्याच कारणानं कागदोपत्री आलं. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली; आशियातलं ते पाचवं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर सार्वजनिक दिवे बदलले गेले. उजेड आभाळात सांडू नये, खाली रस्त्यावरच पडावा, एवढाच हेतू.

एका लहान गावानं आपल्या दिव्यांची तोंडं खाली वळवली म्हणून तिथे आता तारे दिसतात. ते बघायला माणसं येतात, आणि येताना कॅमेरे आणतात. त्यातला एक प्रकार गेल्या दहा वर्षांत विदर्भातल्या जंगलांच्या दारांशी फार दिसू लागला आहे. दिसायला मोठ्या डीएसएलआरसारखा, पण लेन्स न निघणारी, अंगातच जडवलेली. बटण दाबलं की नळी लांब-लांब बाहेर येते. याला कुणी ब्रिज कॅमेरा म्हणतं, कुणी सुपरझूम. निकॉनचा पी९०० हा २०१५ मध्ये आला, तोच ८३ पट झूम घेऊन. २०१८ मध्ये पी१००० आला १२५ पट झूम घेऊन, आणि २०२५ मध्ये त्याचा धाकटा भाऊ पी११००. कॅननची एसएक्स मालिका ५० पटांवरून ६५ वर गेली. सोनीचा आरएक्स१० आणि पॅनासॉनिकचा एफझेड१००० यांनी आकड्याच्या शर्यतीत न उतरता मोठा सेन्सर पत्करला.

दुकानात विकला जातो तो आकडा. ‘८३ पट’, ‘१२५ पट’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर मात्र एक गोल डायल असतो आणि त्यावर बारीक अक्षरं: पी, एस, ए, एम, यू. बहुतेक कॅमेरे आयुष्यभर त्या डायलच्या एकाच खुणेवर, हिरव्या ‘ऑटो’वर, उभे राहतात. हे नुकसान मोठं आहे. कॅमेऱ्याला दिलेल्या पैशातला अर्धा भाग त्या अक्षरांमध्ये आहे, आणि ती अक्षरं कुणी शिकवत नाही.

आधी त्या आकड्याचंच बघावं. पी९०० ची लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत जाते, पी१००० ची ३००० पर्यंत. खरी लांबी मात्र ३५७ आणि ५३९ मिलिमीटर. उरलेली किमया सेन्सरच्या लहानपणाची. या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. मोठ्या, फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळानं याच्या तीसपट. लहान सेन्सर चित्राचा मधला तुकडाच घेतो, म्हणून दूरचं जवळ वाटतं. पण दाणा लहान म्हणून त्यावर पडणारा उजेडही थोडा. झूमचा फायदा आणि अंधारातली अडचण एकाच कारणातून येतात, हे ज्याला कळलं त्याला कॅमेऱ्याचा अर्धा स्वभाव कळला.

आता २००० मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात किती? शंभर मीटरवर उभ्या असलेल्या गोष्टीचा जेमतेम १.८ मीटर रुंदीचा भाग चौकटीत बसतो. पूर्ण वाढलेला वाघ शेपटीसकट अडीच मीटरच्या वर भरतो. म्हणजे शंभर मीटरवर आडवा उभा असलेला वाघ पूर्ण झूमवर चौकटीत मावतच नाही. एकीकडे तोंड कापलं जाणार, नाही तर दुसरीकडे शेपटी. पन्नास मीटरवर तर नुसता खांदा आणि पट्टे. तरीही जिप्सी थांबली की बोट पहिल्यांदा जातं ते झूमच्या तरफेवर, आणि नळी थेट टोकाला पोहोचेपर्यंत सुटत नाही. मग पडद्यावर नुसतं गवत. वाघ कुठे गेला? वाघ तिथेच असतो, चौकट त्याच्यावरून निसटलेली असते.

हे बनवणाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून लेन्सच्या नळीवर डाव्या बाजूला एक बटण दिलेलं असतं. निकॉन त्याला ‘स्नॅप-बॅक झूम’ म्हणतं. ते दाबून धरलं की झूम काही क्षण मागे येतो, मोठा भाग दिसतो, जनावर सापडतं. बटण सोडलं की झूम होता तिथे परत. कॅननच्या एसएक्स५० वरही अशाच कामाची बटणं लेन्सच्या कडेला होती. डावा हात लेन्सखाली धरला की अंगठा नेमका तिथे पडतो. जंगलात या कॅमेऱ्याचं सर्वांत उपयोगी बटण हेच. आणि अनेकांना वर्षानुवर्षं ते कशासाठी आहे हेच कळलेलं नसतं.

दुसरी गोष्ट शटरच्या बटणाची. ते दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की फोकस आणि उजेडाचं माप ठरतं. पूर्ण दाबलं की फोटो. मोबाइलवर वाढलेलं बोट एका झटक्यात खाली जातं, आणि कॅमेरा फोकस शोधायच्या आतच फोटो निघालेला असतो. पेंचमधलं जंगल सागाचं, खाली गवत आणि झुडुपं. ऑटोवर कॅमेरा सगळी चौकट चाचपतो आणि जे जवळ ते धरतो: गवताची काडी लख्ख, मागचा बिबट्या धूसर. फोकसची चौकट मेनूतून सर्वांत लहान करून मध्यावर ठेवावी, ती जनावराच्या डोळ्यावर नेऊन बटण अर्धं दाबावं, मग हवी तशी चौकट बांधून पूर्ण दाबावं. हे करायला दोन सेकंद लागतात. ते हाताच्या सवयीचं काम आहे. खाप्याच्या मागावर बसणाऱ्या विणकराला धोटा कुठल्या क्षणी फेकायचा हे बघावं लागत नाही, तसंच हे बोटांत उतरावं लागतं.

मग डायलवरची अक्षरं. ‘पी’ म्हणजे उजेडाचं गणित कॅमेरा करणार, पण बाकी सूचना माणूस देऊ शकणार. ऑटोवरून उतरलेल्या माणसानं पहिल्यांदा इथे यावं, कारण इथे अधिक-उणेचं बटण कामाला येतं. कॅमेऱ्याचा मीटर भोळा असतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. कन्हानच्या काळसर पाण्याकाठी उभा असलेला पांढरा बगळा त्याला दाखवला तर तो पाण्याकडे बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं चुन्यासारखी सपाट होतात. तिथे उणे एक. उलट तारेवर बसलेला कोतवाल, मागे उजळ आभाळ: मीटर आभाळाला घाबरून उजेड कमी करतो आणि कोतवाल म्हणजे नुसतं काळं कात्रण. तिथे अधिक एक, कधी त्याहूनही जास्त. काही कॅमेऱ्यांत हिरव्या ऑटोवर हे सांगायची सोय तोकडी असते. पांढरा पक्षी पांढरा आणि काळा पक्षी काळा का येत नाही, याचं उत्तर या एका बटणात आहे, आणि ते दहा मिनिटांत समजावता येतं.

‘एस’ (कॅननवर त्यालाच ‘टीव्ही’ म्हणतात) म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते माणूस ठरवणार. हलणाऱ्या जगासाठी हे अक्षर. चालत्या जनावराला सेकंदाचा पाचशेवा भाग, उडत्या नीलपंखाला हजारावा, पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याला दोन हजारावा. हातात धरून काढलेल्या फोटोबद्दल जुना हिशोब असा की लेन्सची लांबी जेवढी, सेकंदाचा तेवढावा भाग तरी हवाच. २००० मिलिमीटरला मग दोन हजारावा भाग लागेल. कॅमेऱ्यातली थरथर थोपवणारी यंत्रणा इथे मोठी मदत करते, पण ती फक्त हाताची थरथर थोपवते. वाघाचं चालणं थोपवत नाही. झुडपाआड थांबलेल्या चितळाचा फोटो स्वच्छ येतो आणि रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचा हललेला येतो, तो याचमुळे. दोष नेहमी कॅमेऱ्यावर जातो.

‘ए’ हे अक्षर मोठ्या कॅमेऱ्यांवर राजासारखं असतं. या कॅमेऱ्यांवर त्याचा उपयोग सर्वांत कमी, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण मोठ्या कॅमेऱ्यावर शिकलेले लोक पहिला सल्ला त्याचाच देतात. ‘ए’मध्ये भिंगाचं तोंड, म्हणजे अॅपर्चर, किती उघडायचं ते ठरवता येतं. पण पी१००० पूर्ण झूमवर नेला की त्याचं तोंड एफ/८ ला येऊन थांबतं, आणि त्याहून लहान ते होतच नाही. म्हणजे निवडायला काही उरतच नाही. पी९०० ला तिथे एफ/६.५ ते एफ/८ एवढीच जागा. मागचा भाग धूसर करायचा असेल तर इथे अॅपर्चरपेक्षा अंतर कामाला येतं: पक्षी जवळ, मागचं झाड दूर.

खरी परीक्षा पहाटेची. सफारीची जिप्सी उजाडता-उजाडता आत शिरते, आणि वाघ दिसायचा तो बहुतेकदा त्याच कोवळ्या, अपुऱ्या उजेडात. सागाच्या सावलीत, एफ/६.५ वर, आयएसओ (म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ठेवूनही शटरला सेकंदाचा पन्नासावा भाग वगैरे लागतो. वाघ चालत असेल तर फोटो हलणारच. आयएसओ ३२०० वर नेला तर तुरीच्या दाण्याएवढ्या सेन्सरवर रवा पसरल्यासारखे ठिपके उठतात. इथे एकच शहाणपण: झूम मागे घ्यावा. झूम जसा मागे येतो तसं भिंगाचं तोंड जास्त उघडतं, उजेड वाढतो, थरथर कमी होते. वाघ लहान येईल, पण स्वच्छ येईल, आणि त्याच्याभोवती जंगल येईल. पेंचचा वाघ पेंचमध्ये दिसावा, पासपोर्टच्या फोटोसारखा नव्हे. चांगले वन्यजीव छायाचित्रकार दहा लाखांवरची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स हातात असूनही मुद्दाम मोकळी चौकट ठेवतात ते उगाच नाही.

आणखी एक शत्रू विदर्भाचा खास आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, पाणवठ्यांवर जनावरं दिसण्याचा हाच काळ, आणि नेमका याच काळात दहा वाजल्यापासून जमिनीवरून झळा उठू लागतात. दोनशे मीटरवरचा गवा झळांमधून बघितला की त्याची कड पाण्यातल्या सावलीसारखी लचकते. डायलवरचं कुठलंही अक्षर, कितीही महाग लेन्स यावर चालत नाही. जवळचंच टिपावं, किंवा सकाळीच.

खोक्यावर ८३ च्या शेजारी कधी १६६, १२५ च्या शेजारी २५० असाही आकडा असतो. तो डिजिटल झूम. लेन्स तिथे काहीच करत नाही. आहे तेच चित्र ताणलं जातं आणि, लोक म्हणतात तसं, फोटो फाटतो. मेनूत जाऊन तो बंद करावा हे उत्तम.

इथे एक आक्षेप येतोच: मोबाइल आहे की, वेगळा कॅमेरा कशाला? मोबाइलचे कॅमेरे जवळच्या फोटोंसाठी अप्रतिम झाले आहेत, हे खरंच. पण दूरच्या गोष्टीला भिंगाची लांबी लागते आणि खिशात मावणाऱ्या जाडीत ती बसत नाही. मग उरलेलं चित्र गणितानं भरलं जातं. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोननं टिपलं, तर फोनच्या फोटोत चंद्रावरचे तपशील उमटले, जे त्या धूसर चित्रात नव्हतेच. जगभर त्यावर चर्चा झाली. शोभेच्या फोटोला हे चालेल. पण जिथे फोटो म्हणजे नोंद आहे, पुरावा आहे, तिथे भिंगातून खरोखर आलेला उजेडच हवा. शिवाय ताडोबात डिसेंबर २०१८ पासून सफारीत मोबाइल नेण्यावर बंदी आली. कॅमेऱ्याला मात्र जागा आहे.

नोंदीचं महत्त्व महाराष्ट्राला एका पक्ष्यानं शिकवलं आहे. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडला नव्हता. १९१४ चा म्हणून एक नमुना ब्रिटिश संग्रहात होता. पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी तपासल्यावर तो रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून उचलून, खोटी तारीख-ठिकाण लावून ठेवलेला निघाला. त्या खोट्या चिठ्ठीनं शोध चुकीच्या जागी नेला असता. ती बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवरून शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. आज कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो स्वतःबरोबर तारीख, वेळ, झूमची लांबी, शटर, आयएसओ अशी चिठ्ठी बाळगतो. फक्त कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावलेलं असायला हवं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ते घड्याळ विसरतं, आणि पावसाळ्यात खापा परिसरात टिपलेल्या नवरंगावर जानेवारीची तारीख पडते. नवरंग विदर्भात येतो तो पावसाळ्यात, वीण करायला. अशी नोंद मग कुणी गंभीरपणे घेत नाही.

आता पुन्हा सिल्लारीकडच्या खाप्यात, रात्री. चंद्र असेल तर या कॅमेऱ्यांचा खरा सण. पी१००० च्या डायलवर तर पक्षी आणि चंद्र यांच्यासाठी वेगळ्या खुणाच आहेत. पी९०० मध्ये त्या ‘सीन’च्या यादीत सापडतात. पडद्यावर एक लहान चौकट दिसते, चंद्र किंवा पक्षी त्या चौकटीत आणून ओके दाबलं की लेन्स तेवढ्यावर झूम करते. सोय चांगली आहे, पण चंद्रासाठी ‘एम’, म्हणजे शटर आणि अॅपर्चर दोन्ही माणूसच ठरवणार तो मोड, शिकून घेतलेला बरा. कारण ऑटो इथे हमखास फसतो: बाकी आभाळ काळं, म्हणून उजेड वाढवतो, आणि चंद्र दुधाच्या थेंबासारखा पांढरा होऊन बसतो. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक; त्याला उन्हाचंच माप लागतं. एफ/८, आयएसओ १००, सेकंदाचा दोनशेवा भाग, कॅमेरा तिपाईवर आणि बटण हातानं न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर. खड्डे, डोंगरांच्या सावल्या सगळं उमटतं. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास जास्त चांगलं, कारण तिरप्या उजेडात सावल्या लांब पडतात. पी१००० पूर्ण झूमवर असेल तर सगळा चंद्र उंचीत मावत नाही, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे दोनेक मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला असतो. ते सरकणं उघड्या डोळ्यांना कधी जाणवत नाही. तिथे ते पडद्यावर दिसतं. शाळेतल्या मुलांना पृथ्वीचं फिरणं दाखवायला याहून सोपं साधन नाही.

चंद्र नसेल तर गणित उलटतं, आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. तारे दूर आहेत, म्हणून झूम मारायचा, असं मनात येतं. तारा कितीही झूम मारला तरी बिंदूच राहतो. पूर्ण झूमवर फोकस जरासा हुकला की तो बिंदू फुगून थरथरणारी रंगीत चकती होतो. अशाच चकत्यांचे पी९०० वर घेतलेले व्हिडिओ ‘बघा, तारे असे दिसतात’ म्हणून पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्यांनी जगभर फिरवले. कॅमेरा खोटं बोलत नव्हता. तो फोकसमध्ये नाही हे सांगत होता, आणि ते वाचता येणारं कुणी जवळ नव्हतं. ताऱ्यांसाठी या कॅमेऱ्याचं दुसरं टोक लागतं, ज्याचा आकडा खोक्यावर कुणी बघत नाही: २४ मिलिमीटर, एफ/२.८. फोकस हातानं अनंतावर. शटर वीसेक सेकंदांच्या आत, नाही तर तारे रेषा होऊ लागतात. पी९०० सारख्या कॅमेऱ्यात पंधरा सेकंदांची मर्यादा आहे, तीही चालते. रेषाच हव्या असतील तर त्यासाठी वेगळा मोड आहे. कॅमेरा एकामागून एक फोटो घेऊन ते एकावर एक चढवतो. तोंड उत्तरेकडे केलं तर ध्रुव मधोमध आणि बाकीचे त्याच्याभोवती वर्तुळं काढताना दिसतात. नागपूरच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजाच्या साधारण २१ अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी दहा अंशांची, म्हणजे दोन मुठींवर. दिव्यांनी तोंडं खाली वळवली नसती तर हा फोटो तांबूस धुक्यात बुडाला असता.

सिल्लारीत या आकाशासाठी दुर्बीण आली, निरीक्षणाची जागा उभी राहिली. पेंचचे तेव्हाचे उपसंचालक डॉ. प्रभुनाथ शुक्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम मोलाचं आहे. पण पर्यटक दुर्बिणीशी पंधरा मिनिटं असतो आणि स्वतःच्या कॅमेऱ्याशी रात्रभर. त्या रात्रभरात त्याच्या शेजारी कोण असतं? आसपासच्या गावातला गाईड. दिवसा जिप्सीतही तोच.

म्हणून या लेखाची मागणी एकच आणि साधी आहे: वनविभागानं गाईडच्या प्रशिक्षणात कॅमेऱ्याचा डायल आणावा. पक्ष्यांची नावं, पाऊलखुणा, अलार्म कॉल हे गाईडला लहानपणापासून येतं. स्नॅप-बॅकचं बटण कुठे असतं, वाघ सावलीत असताना झूम मागे का घ्यायचा, बगळ्याला उणे आणि कोतवालाला अधिक का, हे दोन दिवसांत येईल. डायलवरचं ‘यू’ तर याच्यासाठीच बनलेलं वाटतं. त्यात आपली मांडणी एकदा साठवता येते: लहान फोकस चौकट, पाचशेवा भाग, आयएसओला १६०० ची मर्यादा. पर्यटकाला कॅमेऱ्यातलं काही कळत नसलं तरी प्रवेशद्वाराशी जिप्सीची वाट बघताना गाईड पाच मिनिटांत हे लावून देऊ शकतो, आणि आत ‘यू’वर फिरवा एवढंच सांगावं लागतं. प्रत्येक प्रवेशद्वाराशी भाड्यानं द्यायला दोन-तीन झूम कॅमेरे ठेवले तर गावातल्या मुलांना त्यातून कामही मिळेल.

याचा संबंध फोटोच्या देखणेपणापुरता नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरले. व्हिडिओ पसरला, गाईड आणि जिप्सीचालकांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गर्दीत गाडी पुढे दामटायला लावणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: ‘अजून थोडं जवळ, फोटो नीट येत नाहीये.’ ज्याच्या हातात शंभर मीटरवरून वाघ चौकटीत न मावणारी लेन्स आहे, त्याला जवळ जायचं कारणच नाही. पण ते त्याला कुणीतरी त्या क्षणी सांगायला हवं, कॅमेरा हातात घेऊन दाखवायला हवं. गाईडला ते येत असेल तर ‘गाडी पुढे जाणार नाही’ या नकाराबरोबर त्याच्याजवळ दुसरा उपायही असेल. नियम मोडून वीस फूट पुढे गेल्यानं जे मिळत नाही, ते डायल एक खाच फिरवल्यानं मिळतं, हे एकदा बघितलेला पर्यटक पुन्हा हट्ट धरणार नाही.

भाषेचा अडसर सांगितला जातो, तोही तितकासा खरा नाही. निकॉनच्या पी९०० आणि पी१००० च्या मेनूत भाषांच्या यादीत मराठी आहे. तिथला अनुवाद कधी कधी पुस्तकी वाटतो, पण खाप्यातला दहावी झालेला मुलगा तो वाचून समजू शकतो. इंग्रजीतला मेनू बघून जो कॅमेरा हातात धरायलाच संकोचतो, त्याला ही यादी उघडून दाखवणं हा प्रशिक्षणाचा पहिला तास असू शकतो. भाषा बदलायची जागा सेटअपमध्ये, पान्याच्या खुणेशेजारी वगैरे कुठेतरी खोल असते. ती शोधून देणारं कुणी हवं, एवढंच.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सुरुवातीचा दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सालिम अली यांच्या. चितमपल्लींनी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलांत उमेदीची वर्षं घालवली. जून २०२५ मध्ये ते गेले. त्या सप्ताहात शाळांमधून भाषणं होतात, फेऱ्या निघतात, चित्रकला स्पर्धा होतात. कन्हानकाठच्या खाप्यात आणि पेंचजवळच्या खाप्यात त्यातला एक दिवस झूम कॅमेऱ्याला द्यावा. सकाळी सातला नदीवर, चार मुलांत एक कॅमेरा, घड्याळ आधी बरोबर लावलेलं, डायल ‘पी’वर. नोव्हेंबरमध्ये ऊन लवकर कडक होत नाही आणि पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात. पाण्याच्या कडेला वंचक बसलेला असतो, चिखलाच्याच रंगाचा, उडेपर्यंत न दिसणारा. तो उडाला की पंख एकदम पांढरे. बसलेला असताना शून्यावर आणि उडताना उणे एकवर, असे त्याचे दोन फोटो मुलांनी काढून बघावेत.